दुखत नाही ना, मग राहू दे

मामीला आधी फरशीवरचे ठिपके दिसले. लालसर, रुपयाएवढे, एका पावलाच्या अंतराने एकेक, मशीनपासून मोरीपर्यंत. तिला वाटलं कशाचा तरी डाग असेल म्हणून पुसून टाकले, तर थोड्या वेळाने परत तेच. मग तिने मामांना खुर्चीत बसवलं, "अहो, पाय वर करा बघू", तर चवड्याखाली, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या बुडाशी शिलाई मशीनच्या सुईचा तुटका तुकडा रुतलेला. स्लिपरमधून आरपार. किती वेळ होता ते मामांना सांगताच येईना, बहुतेक दोन दिवस. आणि वर म्हणतात कसे, "मला तर काही दुखत नाहीये."

हे "दुखत नाहीये"च सगळ्याचं मूळ आहे. मामा शिंपी आहेत, शुगर चौदा वर्षं. आम्ही सगळे त्यांच्या गोडाच्या मागे लागलेलो, पायाकडे कुणाचं लक्षच नव्हतं, त्यांचंही नाही.

होतं काय, की वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की नसा खराब होतात आणि सगळ्यात लांबच्या नसा आधी, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. कुणाला मुंग्या येतात, जळजळ होते, आणि कुणाला काहीच होत नाही, नुसतं हळूहळू बधिर होत जातं. घाम आणणाऱ्या नसाही जातात, मग पाय कोरडा पडतो, टाचेला भेगा पडतात, त्यातून जंतू आत. बोटं वाकडी व्हायला लागतात त्यामुळे वजन नको तिथे पडतं, तिथे घट्टा होतो, आणि तो घट्टा म्हणजे बुटात अडकलेला खडाच समजा, चालाल तसा आतलं मांस चिरडत राहतो. वरून कडक कातडी, खाली जखम. त्यात रक्तपुरवठा कमी असेल (विडी-सिगारेट असेल तर विचारूच नका) तर ती भरतही नाही. पाय कापायची वेळ येते त्यातल्या साधारण 85 टक्के लोकांना आधी अशीच एखादी साधी जखम झालेली असते.

आता माझी तक्रार. मामा लगेच डॉक्टरकडे गेले हो, हयगय नाही केली. तीन आठवडे रोज ड्रेसिंग, गोळ्या, इंजेक्शन. पण त्या तीन आठवड्यांत एकदाही कुणी दुसरा पाय बघितला नाही, पायाची नाडी लागते का ते चाचपलं नाही, आणि मुख्य म्हणजे पायावर वजन देऊ नका हे कुणी सांगितलं नाही. मामा पट्टी बांधून घ्यायचे आणि घरी येऊन त्याच पायाने पायडल मारायचे. मोठ्या दवाखान्यात गेलो तोवर पू हाडापर्यंत गेलेला. बोट काढावं लागलं.

पण खरं सांगू का, सांगितलं असतं तरी मामांनी ऐकलं असतं का, मला शंका आहे. जगातले डायबेटीस असलेले प्रौढ लोक घ्या, आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2025 च्या आकड्यांनुसार 58.9 कोटी, त्यातले पाचातले चार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. म्हणजे पाय टेकल्याशिवाय ज्यांचा दिवस भरत नाही असे लोक त्यात किती असतील बघा. यांच्यासाठी "दोन महिने पाय टेकवू नका" हे औषधांच्या चिठ्ठीतलं सगळ्यात महाग औषध आहे. अँटिबायोटिक परवडतं, ड्रेसिंग एखाद्या सरकारी ठिकाणी फुकट होतं, पण बसून राहणं? ते कोण देणार? लोक उशिरा येतात, अडाणी आहेत, ऐकत नाहीत, असं बोललं जातं ना, मला त्याचा राग येतो. पाय दुखत नाही आणि काम थांबवलं की चूल थांबते, अशा माणसाने कामाला जाऊ नये असं त्याला वाटावं तरी कशावरून?

गंमत म्हणजे यावरचा उपाय जुना आहे आणि गरीब देशातूनच पुढे आलाय. पॉल ब्रँड म्हणून सर्जन 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवायला आले आणि मग कुष्ठरोग्यांवर काम करायला लागले. तोवर लोकांना वाटायचं की कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात. त्यांच्या लक्षात आलं की झडत नाहीत, दुखणंच कळत नसल्यामुळे माणूस रोज तिथेच लागून घेतो. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडून जायचे आणि पत्ता लागायचा नाही, म्हणून पेशंटना मांजर पाळायला सांगायचे! हे मला जुन्या काळातलं वाटलेलं, तर टांझानियातल्या दार-ए-सलामच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या पेशंटच्या पायाला उंदीर चावल्याच्या केसेस या शतकात नोंदवल्यात. तर ब्रँड तळव्याच्या जखमेला पायाला घट्ट बसणारं प्लास्टर घालायचे, वजन सगळीकडे वाटलं जातं, माणूस थोडंफार हिंडूफिरू शकतो आणि मुख्य म्हणजे ते काढून चोरून कामाला जाता येत नाही. तळव्याच्या जखमेला आजही याच्याहून भारी काही फारसं नाही. फक्त रक्तपुरवठा ठीक हवा आणि आत मोठा पू नको. तरीही कितीतरी ठिकाणी ते घालणारा माणूसच नसतो.

माणूस तयार करता येतो पण. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांनी 'स्टेप बाय स्टेप' नावाचा उपक्रम चालवला होता, त्यात एकेका ठिकाणाहून एक डॉक्टर आणि एक नर्स अशी जोडीच बोलवायचे, शिकवायचे आणि वर्षाने परत बोलवायचे. नर्सला सोबत घेतलं हे मला फार पटलं, कारण रोज पट्टी सोडून पाय बघते ती नर्स.

आणि तपासणीला मशीन लागत नाही. नायलॉनच्या धाग्याची टेस्ट असते, पण तोही नसेल तर आपलं बोट. समोरच्याला डोळे मिटायला सांगायचे, आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, यांच्या टोकाला एक-दोन सेकंद हलकेच बोट टेकवायचं. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, गुदगुल्या तर अजिबात नाही. सहापैकी दोन किंवा जास्त कळले नाहीत तर पाय धोक्यात आहे असं समजून डॉक्टरला दाखवायचा. बाकी मग रोज तळवा बघणं (वाकता येत नसेल तर आरसा), चप्पल-बूट घालायच्या आधी उलटा करून झटकणं, घरातही अनवाणी न फिरणं, कुरूप ब्लेडने न कापणं, गरम पाण्याचा शेक न देणं. आणि पाय अचानक गरम, लाल, सुजलेला पण दुखत नाहीये, तर मुरगळला असेल म्हणून चालत राहू नका, आतली हाडं ढासळत असू शकतात.

एकदा जखम भरली म्हणजे सुटलो असंही नाही, साधारण 40 टक्के लोकांना वर्षाच्या आत परत होते. म्हणून मामांच्या मशीनला आता मोटर बसवलीय आणि मी गेलो की आधी पाय बघतो. गेल्या रविवारी त्यांना डोळे मिटायला लावले. उजवा अंगठा, मधलं बोट, करंगळी, मग डाव्या पायाची तीन, सहाही ठिकाणी बोट टेकवून झालं, मी उठून हात धुवायला निघालो, तर मामा डोळे मिटूनच म्हणाले, "हं, कर सुरू."