डीएसएमबीचा सराव: सॉसेज आता सरळ उभं राहतंय

मंडळी, अपडेट देतो. डीएसएमबी म्हणजे बोटीला आपण कुठे आहोत ते दिसावं म्हणून डायव्हर पाण्याखालून हवा भरून वर सोडतो ती लांबट पिशवी, तिलाच आम्ही सॉसेज म्हणतो, आणि तिची दोरी स्पूलवर, म्हणजे रिळावर, गुंडाळलेली असते. पाच मीटरवर सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येण्याआधीच्या थांब्याला, थांबून सॉसेज वर सोडणं आता जमायला लागलंय, म्हणजे स्पूल हातातून निसटत नाही, दोरी कुठल्या नळीत अडकत नाही आणि मुख्य म्हणजे पिशवीबरोबर मी पण वर जात नाही. पूलमध्ये हे सगळं सोपंच असतं हो, कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला जरा करंट असला, वर लाट हलवत असली आणि त्यात दोन्ही हात कामात असले की मग कळतं आपली बॉयन्सी, म्हणजे एका खोलीवर तरंगत टिकून राहणं, किती पाण्यात आहे ते.

सगळ्यात जास्त फरक पडला तो तोंडाने हवा भरायला लागल्यावर. ऑक्टोपसने, म्हणजे टाकीला जोडलेल्या जादा माउथपीसने, भरलं की टाकीतली नवीन हवा पिशवीत येते आणि ती आपल्याला वर ओढते, तोंडाने भरलं की फुफ्फुसातलीच हवा तिकडे जाते, त्यामुळे सोडेपर्यंत आपण जागच्या जागी. आणि पाच मीटरवर पिशवी दोन तृतीयांश भरली तरी बास, वर जाईपर्यंत ती पूर्ण फुगते, दहा मीटरवरून तर अर्धीच पुरते. कमी हवेचं सॉसेज मात्र पाण्यावर वाळत घातलेल्या पंचासारखं आडवं पडतं, बोटीवरून काय दिसणार कपाळ. वर आल्यावर दोरी खाली ताणून धरली की मग ते ताठ उभं राहतं, याचा सराव वेगळा करावा लागतो, कारण लाटेत दोरी सारखी ढिली पडते.

बडी, म्हणजे माझा डाइव्हचा जोडीदार, म्हणतो एवढं काय लागलंय तुला त्या पिशवीचं. लागलंय ते इंडोनेशियातल्या कोमोडोमुळे. जून 2008 मध्ये तिथे तातावा बेटाजवळ पाच डायव्हर वर आले तर बोट जवळ नव्हती, तीन ब्रिटिश, एक फ्रेंच, एक स्वीडिश. पॅसिफिकचं पाणी त्या बेटांमधल्या चिंचोळ्या खाड्यांतून हिंदी महासागराकडे घुसतं, त्यात भरती-ओहोटीची भर, तिथल्या करंटशी फिन मारून भांडायचं म्हणजे नुसती दमछाक. या लोकांनी स्वतःला एकमेकांना बांधून घेतलं आणि तासन् तास वाहत जाऊन शेवटी रिंचा बेटाच्या किनाऱ्याला लागले. सुटलो म्हणावं तर तिथे कोमोडो ड्रॅगन! दगड मारून त्याला हाकललं, खडकांवरचे शिंपले खरवडून खाल्ले आणि दोन दिवसांनी शोधपथकाच्या बोटीला सापडले, पाचच्या पाच जिवंत. मला त्यातलं ते बांधून घेणंच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण पाच डोकी एकत्र असली तर निदान एक ठिपका तरी दिसतो. 2014 ला बालीजवळ नुसा लेंबोंगानला सात जपानी बायका अशाच हरवल्या, त्यातल्या पाचच वाचल्या, तीन दिवसांनी सापडल्या.

दुसरा माणूस न्यूझीलंडचा रॉब ह्युइट. नौदलात वीस वर्षं डायव्हर, म्हणजे आपल्यासारखा रविवारचा नाही. फेब्रुवारी 2006 ला माना बेटाजवळ डाइव्ह करताना करंटने ओढला गेला आणि तब्बल 75 तास पाण्यात. पकडलेला क्रेफिश आणि किना, म्हणजे तिथली सागरी साळिंदरं, कच्चीच खाल्ली. शोधणारी हेलिकॉप्टर आणि बोटी त्याला दिसत होत्या, पण त्यांना तो दिसत नव्हता, शेवटी सापडला तो नौदलातल्याच ओळखीच्या डायव्हरना. एवढा तयार गडी, पोहण्याचं कौशल्य त्याला किनाऱ्याला नेऊ शकलं नाही, तरंगत राहणं मात्र कामी आलं. म्हणून मी फिटनेसपेक्षा बोटीला दिसण्यावर जास्त वेळ घालवतोय, पटत नसेल तर सांगा.

बीसीडीच्या, म्हणजे डाइव्हच्या हवा भरता येणाऱ्या जॅकेटच्या, खिशात आता सॉसेज, स्पूल, शिट्टी, छोटा टॉर्च आणि एक जुनी सीडी. हो सीडीच, मधल्या भोकातून नेम धरून ऊन चमकवता येतं, सिग्नल मिरर महाग पडतो म्हणून. टेरेसवरून समोरच्या बिल्डिंगवर नेम धरून बघितला, जमतंय, पण हलत्या पाण्यात भोकातून बोट सापडतच नाही, तेवढं राहिलंय. 406 मेगाहर्ट्झचा पीएलबी, म्हणजे सॅटेलाइटला संकटाचा सिग्नल देणारं छोटं यंत्र, घ्यायचं मनात आहे, पण तो बंगळुरूला इस्रोच्या मिशन कंट्रोल सेंटरकडे रजिस्टर करावा लागतो आणि किंमत बघून अजून हात आखडताच आहे. तोपर्यंत बोटीवरच्या माणसाच्या फोनमध्ये कोस्ट गार्डचा 1554 सेव्ह करून घेतो, डाइव्हला उतरायच्या आधी, त्याच्यासमोर उभं राहून.

कोणी सॉसेजला वरून टॉर्च बांधून रात्री ट्राय केलंय का? लाटेत तो उलटा होतो म्हणतात, बांधायची नीट पद्धत असेल तर फोटो टाका.