मिरजेत जुन्या घाटणीची रुद्रवीणा करून घेतली – माझा अनुभव

साधी रुद्रवीणा (लांब दांडीला दोन भोपळे लावलेलं तंतुवाद्य, हिलाच बीनही म्हणतात) हवी असेल तर एवढी खटपट करायची गरज नाही, पण मला बीनवादक झिया मोहिउद्दीन डागरांनी मोठी करून घेतली तसली जाड सागवानी दांडीची नको होती, त्याच्या आधीची हवी होती, बांबूची दांडी, भोपळे लहान, एक भोपळा खांद्यावर टाकून बसता येईल अशी हलकी.

गुरुजींकडे तसली एक जुनी बीन पडून होती. दांडी किड्यांनी खाल्लेली पण मापं निघाली. भोपळ्याचा घेर सुतळीने, दांडीला कागद गुंडाळून जाडी, आणि पडद्यांची (दांडीवरच्या स्वरांच्या आडव्या पट्ट्यांची) अंतरं सगळी मेरूपासून (तारा जिच्यावरून जातात त्या वरच्या टोकाच्या पट्टीपासून) घेतली, एका पडद्यापासून पुढच्याचं घेत गेलं की फरक वाढत जातो.

मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, नाव सगळ्यांना माहितीये, बीन मात्र तिथलं रोजचं काम नाही. बीन करून देणाऱ्या चाचांनी माझा मापांचा कागद बघितला आणि म्हणाले, "सर, भोपळा काय माप सांगून वाढत नाही ओ." मग पंढरपूरकडच्या मालातून सारख्या घेराचे, सारख्या सालीचे दोन मिळेपर्यंत थांबणं आलं. चाचा एकेक उचलायचे, बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि बाजूला ठेवायचे, मला तर सगळे सारखेच वाजत होते.

जुन्या बीनची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) सांबरशिंगाची होती, ते आता कायद्यात बसत नाही म्हणून उंटाचं हाड घेतलं. आवाजात फरक पडतो का यावर लोक तासन्तास भांडतात, मला विचाराल तर घोडी घासणारा हात जास्त महत्त्वाचा.

खरी मजा शेवटी. पडदे मेणावर बसवतात, माझी मापं तिथे फक्त खुणेपुरती, कारण दांडी नवी, तारा नव्या. मेण गरम करायचं, पडदा केसभर सरकवायचा, तार छेडायची, परत सरकवायचा. आणि जवारी, म्हणजे तारेचा झणकार जुळवायला घोडीचा माथा घासणं! कानशीचा एक हलका हात, तार चढवून ऐकायचं, परत उतरवायची, खर्जाच्या तारेत अख्खी दुपार गेली. त्या वेळी तिथे बसाच, जवारी खुली (झणकार जास्त) हवी की बंद (झणकार कमी) हे फोनवर सांगून कळत नाही.

आणि उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका, मेण मऊ होऊन पडदे हलतात.