रानजवसाच्या शीट्स, अपडेट ३: लेबल बाजूला, आधी फूल बघायचं

गेले तीन वीकेंड फक्त हर्बेरियमचे (कागदावर चिकटवून जपलेल्या वाळक्या झाडांच्या शीट्सचे) स्कॅन बघतोय, कुठली शीट कुठल्या रानजवसाची ते ओळखायला. अमेरिकेतली युटा, आयडाहो, नेवाडा, मोंटाना ही राज्यं, लेबलवर लायनम लुइसी नाहीतर लायनम पेरेनी असलेली जी शीट मिळाली ती फोल्डरमध्ये टाकत गेलो, साठेक झाल्यात. दोन्ही निळ्या फुलांचे, आपल्या चटणीच्या जवसाचे चुलतभाऊच. लुइसी अमेरिकेतलाच, पेरेनी युरोपातून आलेला.

नावावर जायचं नाही हे पहिल्याच वीकेंडला कळलं, कारण लुइसीला बरीच वर्षं पेरेनीचीच एक उपजाती धरायचे, म्हणजे जुन्या शीटवर पेरेनी लिहिलेलं असलं तरी झाड पक्कं इथलं असू शकतं. मग फुलावर आलो. पेरेनीत झाडं दोन प्रकारची असतात, काहींच्या फुलात कुक्षीवृंत (स्त्रीकेसराची बारीक दांडी) पुंकेसरांपेक्षा लांब, काहींच्यात आखूड. लुइसीत मात्र सगळ्याच झाडांवर लांब. आणि इथेच माझी चूक झाली, लांब दिसलं की लुइसी असं धरून मी बारा शीट्स मार्क करून टाकल्या, पण लांबवाला पेरेनीसुद्धा अगदी तसाच दिसतो ना! त्या बाराही परत काढल्या. आखूड दिसलं तर पेरेनी नक्की, लांब दिसलं तर एका शीटवरून काहीच ठरत नाही, त्याच जागेवरची आणखी झाडं बघायलाच लागतात.

युटातली एक शीट तर डोक्यातून जात नाहीये. लेबलवर रस्त्याच्या कडेला, पेरलेलं असावं एवढंच. पाकळ्या सगळ्या गळालेल्या (ताजं फूलसुद्धा सकाळी उमलून दुपारपर्यंत पाकळ्या टाकतं), त्या कोपऱ्यातल्या छोट्या कागदी पाकिटात ठेवल्यात, पण एक फूल अर्धं उघडं दाबलं गेलंय. झूम केलं तर पाच पुंकेसर उभे आणि त्यांच्या खाली, पार बुडाशी, आखूड कुक्षीवृंत. पेरेनी! लेबलवर लुइसी.

असं होण्यामागे कारण आहे. १९८० मध्ये अप्पार नावाचं बियाणं लुइसी म्हणून रिलीज झालं, साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्समधून गोळा केलेलं, आणि नंतर कळलं की तो पेरेनी आहे. तोवर ते ठिकठिकाणी पेरून झालं होतं. खऱ्या लुइसीचं मेपल ग्रोव्ह हे बियाणं २००३ मध्ये आलं, ते मात्र युटातलं. त्यामुळे आता मी आधी सालावरून गठ्ठे करतोय, १९८० च्या आधीचे वेगळे, नंतरचे वेगळे, आणि नंतरच्यात पेरलेलं, रस्ता, जळालेलं रान असे शब्द दिसले की लाल खूण.

मधेच ज्याच्यावरून लुइसी हे नाव पडलं त्या लुइसनं (लुइस-क्लार्क मोहिमेतला) स्वतः गोळा केलेल्या शीटचा फोटो उघडून बसलो. मोहिमेच्या परतीच्या वाटेवर, ९ जुलै १८०६, मोंटाना. पर्श या वनस्पतीशास्त्रज्ञानं त्यावरूनच नाव दिलं, १८१४ च्या ग्रंथात, आणि ती शीट फिलाडेल्फियाला अजून जपून ठेवलीय. दोनशे वर्षांपूर्वीच्या वाळक्या काड्या, बघताना खरंच अंगावर काटा आला.

पुढच्या वीकेंडला कॅलिफोर्नियातले हेस्पेरोलिनॉन घेतोय, सर्पेंटाइन खडकापासून झालेल्या मातीतले ते बुटके जवस, जुन्या लेबलांवर तेही लायनम म्हणूनच सापडतात. कुणाकडे एकाच जागेवरच्या तीन-चार लुइसी झाडांचे फुलांचे क्लोजअप असतील तर प्लीज टाका, बारापैकी सात शीट्स त्याच्यावाचून अडकल्यात.