डिस्क गोल्फ, चार कोर्स आणि उतलेला बिब्बा

हे एका हाताने टाइप करतेय, कारण डाव्या हातावर बिब्बा उतलाय. म्हणजे बिब्बा नाही, पण फार लांबचंही नाही. ज्या झुडपाने हे केलं ते पॉइझन ओक आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं. काजू त्याच कुळातला, आंबाही. काजूच्या टरफलातलं तेल उडालं की काय होतं ते कोकणातल्या पोरालाही माहीत असतं. मी ते चाळिशी उलटल्यावर, कॅलिफोर्नियात जाऊन, सख्ख्या भावाच्या भरवशावर शिकले. तेव्हा खाली चिडचिड दिसली तर समजून घ्या.

भाऊ सनीवेलला असतो. मी पोचायच्या आधीच त्याने आठ दिवसांचा बेत आखून ठेवला होता: गाडीने खाली सॅन दिएगोपर्यंत जायचं, परत वर यायचं आणि वाटेत चार डिस्क गोल्फ कोर्स (गोल्फच, पण चेंडूऐवजी चकत्या) खेळायचे. ‘ताई, तू कॉलेजभर पुण्यात अल्टिमेट फ्रिस्बी खेळलीस. तुला हे झोपेत जमेल.’ हे वाक्य लक्षात ठेवा. तुम्हालाही कोणी ना कोणी म्हणणारच आहे.

झोपेत काय, जागेपणीही जमत नाही. अल्टिमेटची डिस्क १७५ ग्रॅमची, ताटाएवढी, हवेत तरंगणारी. गोल्फची डिस्क वजनाला तेवढीच पण बशीच्या जवळपास जाणारी, कडेला पातळ. उजव्या हाताने बॅकहँड फेकली की शेवटी ती डावीकडे वळून खाली येते, आणि हाताला वेग नसेल तर शेवटी नाही, लगेचच येते. पंधरा वर्षं अंगात मुरलेला थ्रो पहिल्या दिवशी माझ्या विरुद्ध काम करत होता. बाकी खेळ सोपा आहे: टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून, फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये जाईपर्यंत. हा झाला एक होल. जितके कमी थ्रो तितकं चांगलं.

आता पैशांचं सांगते, कारण ते अजून टोचतंय. वाटेतल्या एका दुकानात (नाव घेत नाही) काउंटरवरच्या मुलाने मला तीन डिस्क काढून दिल्या. तिन्ही ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायच्या, तिन्ही महागड्या प्लास्टिकच्या, करासकट साठ डॉलरच्या वर. डिस्कवर चार आकडे छापलेले असतात, त्यातला पहिला वेगाचा. माझ्या तिन्हींवर बारा किंवा जास्त. ‘सगळ्यात जास्त खपतात,’ म्हणाला. खपत असतील. बारा वेगाची डिस्क नीट उडवायला जेवढा जोर लागतो तो माझ्याकडे नाही, आणि पहिल्यांदा खेळणाऱ्या बहुतेकांकडे नसतो. एक पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायची) आणि एक मिडरेंज (मधल्या अंतराची), साध्या प्लास्टिकमध्ये, बास. वीस-पंचवीस डॉलरमध्ये काम होतं. आणि पटरने लांब जात नाही असं कोणी म्हणालं, तर २०२१ ची जागतिक स्पर्धा आठवा. ऑग्डेनला शेवटच्या होलवर जेम्स कॉनरॅडने २४७ फुटांवरून थेट बास्केटमध्ये घातली, बरोबरी केली आणि प्लेऑफ ओढून आणला, ती पटरच होती. हा व्हिडिओ भावाने मला दुकानातून बाहेर पडल्यावर दाखवला. आधी दाखवला असता तर!

पहिला कोर्स ओक ग्रोव्ह, लॉस एंजेलिसजवळ ला कॅन्याडा फ्लिंट्रिजला, हाहामोंग्ना पार्कमध्ये. कायमचा असा पहिला डिस्क गोल्फ कोर्स हाच, १९७५ चा. एड हेड्रिक नावाच्या माणसाने बसवला. फ्रिस्बीवाल्या व्हॅम-ओ कंपनीतला माणूस, साखळ्यांच्या बास्केटचं पेटंटही त्याचंच. सुरुवातीला इथे नुसते खांब होते, डिस्क खांबाला लागली की झालं. लागली की नाही यावर भांडणं व्हायची, म्हणून साखळ्या आल्या. मला हे फार पटतं. खेळाची रचना म्हणजे अर्धी भांडणं मिटवण्याची सोय. साखळ्यांचा छन्न आवाज आला की वाद संपला.

शेजारी नासाची जेपीएल प्रयोगशाळा, मंगळावर गाड्या पाठवणारे, आणि इकडे ओकच्या (हे खरे ओक वृक्ष, पॉइझन ओक नव्हे) सावलीत लोक प्लास्टिकच्या चकत्या फेकतायत. जमीन बरीचशी सपाट. होल लांबीला फार नाहीत, पण ओकच्या फांद्या अशा आडव्या पसरलेल्या की सरळ फेकायचा मोह झाला की फांदी आडवी आलीच. खालून फेकायची की वळवून बाजूने न्यायची, हे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. चुकलं तर डिस्क झाडाखाली पडते. समोर दिसते. उचला, फेका, एक थ्रो गेला. मला इथे मजा आली, पण तेव्हा कळलं नाही की मजा का येतेय. मला वाटलं पहिला दिवस म्हणून असेल. जाणार असाल तर सकाळी जा. पार्क सगळ्यांचं आहे, दुपारनंतर पोरं, कुत्री, घोडेस्वार सगळेच फेअरवेवर, म्हणजे टीपासून बास्केटपर्यंतच्या वाटेवर, असतात, आणि त्यांना तुमच्या डिस्कशी देणंघेणं नसतं.

सॅन दिएगोचं मॉर्ली फील्ड, बाल्बोआ पार्कमधलं. इथे खेळायला पैसे पडतात, थोडेच, पण पडतात. होल छोटे, बरेचसे माझ्या एका थ्रोच्या टप्प्यातले. गर्दी मात्र लक्ष्मी रोडची. भावाने आधीच नाक मुरडलं होतं, ‘अगदीच पिचक्या होलचं आहे.’ मी तिथे तीन वेळा दोन थ्रोमध्ये बास्केट गाठली आणि एकदा, सांगतेच, टीवरून फेकलेली डिस्क साखळ्यांना लागून बाहेर पडली. त्या आवाजावर मी पुढचे तीन दिवस काढले. छोटा होल म्हणजे सोपा होल नव्हे. छोट्या होलवर दोनमध्ये संपेल अशी आशा असते, आणि आशा असली की माणूस नको तो धोका पत्करतो. मॉर्लीला मी जेवढ्या मूर्ख चुका केल्या तेवढ्या कुठेच केल्या नाहीत. निकाल: जा. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी. ड्रायव्हर गाडीत ठेवा.

आता डेलाव्हेगा.

सँटा क्रूझला. सॅन होजेकडून १७ नंबरचा घाट उतरून जावं लागतं. घाट आपल्या घाटांसारखाच, फक्त लोक वेडाने चालवतात. कोर्स १९८४ चा आणि नाव फार मोठं. चांगल्या कोर्सची यादी काढा, हा असतोच. भाऊ आठ दिवस याच्याचबद्दल बोलत होता. सत्तावीस होल, सगळे डोंगरावर. याला चढ-उतार म्हणतात हे त्याने सांगितलं होतं. सिंहगड रोज चढणाऱ्याचा चढ-उतार वेगळा, हे मला कळायला हवं होतं.

पाय ही अडचण नव्हती. पायांचं मी गृहीत धरतेय, ज्याला तीन-चार तास उन्हात चढता येत नाही त्याने जाऊच नये. अडचण अशी की इथे बास्केट उताराच्या कडेला बसवलेल्या असतात आणि सप्टेंबरात जमीन खडखडीत वाळलेली असते. डिस्क जमिनीवर आपटते, कडेवर उभी राहते आणि निघते. लहानपणी काठीने टायर पळवायचो ना, तशी. बास्केटपासून पाच पावलांवर पडलेली डिस्क माझ्या डोळ्यांदेखत उभी राहिली, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली, आणि घळीत गेली. पहिल्या नऊमधलाच कुठलातरी होल होता. नंबर आठवत नाही, मोजणं मी तोवर सोडलं होतं.

डिस्क लाल होती. घळीत एक सुंदर लाल-केशरी पानांचं झुडूप पसरलेलं होतं, तीन-तीन पानांचे झुपके. लाल पानांत लाल डिस्क. मी गुडघे टेकून, हाताने फांद्या बाजूला सारत शोधत होते. ‘किती छान रंग आलाय बघ,’ असंही भावाला ओरडून सांगितलं. तो वर उभा राहून फोनवर होता. खेळाचा नियम आहे की हरवलेली डिस्क तीन मिनिटं शोधायची, मग सोडून द्यायची, एक थ्रो दंड घ्यायचा. तीन मिनिटं! मी पंचवीस मिनिटं शोधली, कारण वीस डॉलर. मागचे दोन गट आम्हाला ओलांडून पुढे गेले. त्यातल्या एका आजोबांनी माझ्याकडे पाहून काहीतरी हातवारे केले, मला वाटलं शुभेच्छा देतायत.

पुरळ लगेच उठत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खाज सुरू झाली, संध्याकाळी फोड. आईला फोन केला तर म्हणाली, ‘बिब्बा उतलाय, खोबरं चोळ.’ चोळू नका. पानांचं तेल अंगावर असेपर्यंत ते धुऊन काढणं एवढंच हातात असतं. घळीतून वर आल्याबरोबर गार पाणी आणि भांड्यांचा साबण, नखांच्या आतसुद्धा. डिस्कला, पिशवीला, बुटाच्या नाड्यांनाही तेल लागतं आणि तिथून ते परत हाताला येतं. कपडे वेगळे धुवा. लांब बाह्या, लांब पँट, मोजे वरपर्यंत. पानं गळली तरी नुसत्या काड्याही तेच करतात, म्हणून थंडीत जातोय असं म्हणून बेफिकीर राहू नका. फोड डोळ्यापाशी आले किंवा फार पसरले तर डॉक्टर गाठा. आणि डिस्क गुलाबी किंवा फिकट निळी घ्या. लाल, हिरवी, तपकिरी अजिबात नको. एकाने आधी पुढे जाऊन उभं राहायचं आणि डिस्क कुठे पडते ते बघायचं. फोनवर बोलणाऱ्याला हे काम देऊ नका.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण गाडीत त्यावरूनच आमचं भांडण झालं. भाऊ म्हणतो, अवघड कोर्स म्हणजे चांगला कोर्स. मी म्हणते, आपल्या वाड्यात क्रिकेट खेळायचो तेव्हाचा नियम आठव: जो मारेल तो आणेल, आणि कुंपणापलीकडे गेला की थेट आउट. कोणी मुद्दाम बसून आखला नव्हता, पण चोख होता. चुकीची शिक्षा ठरलेली, लगेच मिळणारी, आणि खेळ पुढे चालू. ओक ग्रोव्हला माझी चूक एका थ्रोला पडली. डेलाव्हेगाला पंचवीस मिनिटं, एक डिस्क आणि एक हात. थ्रो तोच, वाईटपणाही तेवढाच!

याच्या उलट टोकही आहे. साउथ कॅरोलिनात रॉक हिलला विन्थ्रॉप विद्यापीठाचा कोर्स आहे, मोठी स्पर्धा होते, त्याचे व्हिडिओ भावाने मला दाखवले. मोकळ्या हिरवळीवर दोऱ्या बांधलेल्या. दोरीबाहेर पडली की दंड. सतराव्या होलला बास्केटभोवती गवताच्या पेंढ्यांचं कुंपण. शिक्षा इथे स्वच्छ आहे, शोधाशोध नाही, तक्रार करता येत नाही. तरी मला ते परीक्षेसारखं वाटतं. दोरी सगळ्यांना एकच गोष्ट सांगते: इथे टाक. ओकची फांदी विचारते, तू कुठून जाणार? माझ्यासारख्या दोनशे फूट फेकणाऱ्या बाईला आणि चारशे फूट फेकणाऱ्या भावाला तिने वेगवेगळी उत्तरं द्यायला लावली आणि दोघांनीही तीन थ्रोमध्ये होल संपवला. असे होल मी चारही कोर्सवर मिळून सात-आठ मोजले. सगळ्यात जास्त ओक ग्रोव्हला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कला दीड दिवस खेळलो. अठरा होल, उंच झाडं, धुकं, छान. स्वेटर घ्या.

डेलाव्हेगाबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर अन्याय होईल. सत्तावीसावा होल, ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’. तिथे पोचले तेव्हा मी चिडलेली, घामाघूम, पाणी संपलेलं (प्रत्येकी दोन लिटर तरी न्या, आम्ही एक नेलं होतं). टीवर चढले आणि समोर माँटेरेचा उपसागर. होल पाचशे फुटांहून लांब, पण सगळा खाली. उरलेला शेवटचा ड्रायव्हर होता, तोच फेकला. मी म्हटलं ना बारा वेगाची डिस्क माझ्या हाताला झेपत नाही? इथे उताराने उरलेलं काम केलं. डिस्क गेली, उजवीकडे झुकली, सरळ झाली, आणि पडेचना. मी मोजत होते. सहा, सात, आठ. भाऊसुद्धा गप्प. मग ती डावीकडे वळली आणि झाडांमागे गेली. मी हसत सुटले, एकटीच, वेड्यासारखी. पाय दुखायचे थांबले. त्या आठ सेकंदांसाठी मी आधीचे सव्वीस पुन्हा चालेन, असं मी भावाला तेव्हा म्हणाले. पुरळ उठल्यावर मागे घेतलं. आज सकाळी पुन्हा म्हणाले.

तर जा. लांब बाह्यांत.

एक राहिलं. डिस्कच्या मागच्या बाजूला मार्करने फोन नंबर लिहून ठेवतात, तसा भावाने माझ्या तिन्हींवर स्वतःचा लिहिला होता. काल रात्री त्याला मेसेज आला: घळीत एक लाल डिस्क सापडलीय, पोस्टाने पाठवू का? भावाने विचारलं, काय कळवू. मी म्हटलं, त्यांनाच ठेवून घ्या म्हणून सांग, आणि आधी हात साबणाने धुवायला सांग.