वॉकर, टकर, फुलर

इंग्लंडात ज्यांचं आडनाव वॉकर, त्यांचे पूर्वज पोटासाठी चालायचे खरे, पण जागच्या जागी. कुंडात लोकरीचं कापड भिजत घालायचं आणि अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवत राहायचं, हा त्यांचा धंदा. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरविरीत आणि तेलकट असतं. तुडवलं की धागे एकमेकांत गुंततात, कापड आटतं, जाड होतं आणि मग कुठे ते थंडीवाऱ्याला दाद देईनासं होतं. तेलकटपणा काढायला कुंडात एक चिकण माती घालत. आपण चेहऱ्याला मुलतानी लावतो ना, त्याच जातीची. इथवर ऐकायला बरं वाटतं. पण कुंडात शिळं मूत्रही असे, कारण त्यातल्या अमोनियाने लोकरीचं तेल सुटतं. ते घरोघरून गोळा केलं जाई. कुणी गोळा केलं, याचं आडनाव झालं नाही, हे त्यांच्या वंशजांचं नशीबच.

या तुडवणाऱ्यांना सगळीकडे वॉकर म्हणत नसत. उत्तरेत यॉर्कशरकडे वॉकर, नैर्ऋत्येला डेव्हनकडे टकर, आग्नेयेला ससेक्स-केंटच्या बाजूला फुलर. तेराव्या-चौदाव्या शतकांत बापाचं आडनाव मुलाला लागायची रीत रुळली, तेव्हा त्या त्या मुलखात जे चालत होतं ते घराण्याला चिकटलं. त्यामुळे आडनावांवरून इंग्लंडचा नकाशा काढता येतो. १८८१च्या जनगणनेतही टकरांचा मोठा गोतावळा डेव्हनातच होता. तिथे एक्सेटरला विणकर आणि टकरांच्या संघाने १४७१ साली बांधलेला टकर्स हॉल अजून उभा आहे. क्रिकेटचे ऑस्ट्रेलियन पंच रॉड टकर बोट वर करतात तेव्हा मला उगाच त्यांच्या पायांकडे बघावंसं वाटतं.

गंमत म्हणजे आडनावं पक्की होत होती त्याच काळात पाय मोकळे होत होते. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे कापड कुटू लागले होते. त्या गिरण्यांच्या मालकांनाही लोक वॉकरच म्हणत राहिले.

अमेरिकेतली कथा मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०१०च्या जनगणनेत वॉकर हे तिथल्या पहिल्या तीस आडनावांत होतं आणि दर तीन वॉकरांमागे साधारण एक कृष्णवर्णीय होता. कापडाचं कुंड त्यांच्या वाडवडिलांनी पाहिलंही नसेल. गुलामगिरीच्या काळातून हे आडनाव त्यांच्याकडे आलं.

आणि मग ती बाटली. स्कॉटलंडात किलमार्नकला जॉन वॉकर नावाचा किराणा दुकानदार होता, त्याच्या नावाची व्हिस्की. १९०८ साली टॉम ब्राउन या चित्रकाराने तिच्यासाठी ऐटीत ढांगा टाकणारा साहेब काढला: उंच टोपी, लाल कोट, चकचकीत बूट. कुळाला धरून काढायचा तर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून कुंडात उभा करायला हवा होता, पण मग बाटली कोणी घेतली असती?

ते आडनाव मुंबईत आलं ते असं. बसमध्ये कंडक्टरी करणाऱ्या बद्रुद्दीन काझींचा दारुड्याचा अभिनय गुरुदत्तना इतका आवडला, की त्यांनी त्यांचं नाव ठेवलं जॉनी वॉकर. हे काझी स्वतः दारूच्या थेंबालाही शिवत नसत.