काकांचा राग नेमका कुणावर आहे

आज जेवताना परत तेच. चुलत भावाची बँकेची प्रिलिम निघाली होती, मेन्स थोडक्यात गेली, तर काका म्हणाले, "थोडक्यात गेली म्हणजे गेलीच की." पोरगं ताटावरनं उठलं. काकू काय बोलल्याच नाहीत.

काका तरुणपणी तालमीत होते. पहाटेचे जोर-बैठका, थंडाई, खुराकासाठी आजोबांनी खास म्हैस घेतलेली, सगळ्या घराला एकच आस की आपलं पोरगं कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान गाजवणार. गुडघा गेला आणि संपलंच सगळं. आजोबांनी म्हैस विकली, तोंडातनं एक शब्द न काढता. त्यावर नंतर घरात कुणीच बोललं नाही, आणि मला वाटतं दुखापतीपेक्षा ह्या गप्प बसण्यानंच काकांचं जास्त नुकसान केलं. आता कुणी जिंकलं की "वशिला असंल", हरलं की "मला ठाऊकच होतं". आशाच धरायची नाही म्हणजे मोडायची भानगड नाही, असं ठरवून बसलेत, आणि तेच पोराला शिकवायलेत.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंचे चेहरे बघून केलेला एक अभ्यास १९९५ मध्ये आला होता, त्यात रौप्यवाल्यांपेक्षा कांस्यवाले जास्त खुश दिसले, कारण रौप्यवाल्याला हुकलेलं सोनं दिसतं आणि कांस्यवाल्याला वाटतं, मिळालं बाबा पदक. म्हणजे हातात काय आलं ह्यापेक्षा मनात काय धरलेलं त्यावर माणसाचा मूड ठरतो. पटतं मला हे, पण तेवढ्यानं काका समजत नाहीत.

पैलवान खाशाबा जाधव बघा ना. १९४८ ला लंडनला सहावे आले, पदक नाही. तरी परत तयारी केली, १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार उभे केले, आणि कांस्य आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. सगळ्यांनाच पदक मिळत नाही, कबूल, पण हरल्यावर कुणीतरी घर गहाण टाकण्याइतका विश्वास ठेवला ना! काकांच्या वाट्याला विकलेली म्हैस आली.

पुढच्या वेळी भावाच्या फॉर्मची फी मी भरणार आहे, क्लासचंबी बघू. पण त्याआधी काकांना विचारायचंय की गुडघा गेला तेव्हा नेमकं काय झालं, कोण काय म्हणालं, त्यांना स्वतःला काय वाटलं. चिडले तर चिडू देत.