इलेक्ट्रोड घासायचा कंटाळा करू नका

सीव्हीमध्ये, म्हणजे सायक्लिक व्होल्टामेट्रीत (व्होल्टेज वर-खाली फिरवत करंट मोजायचा), ग्राफवरचे उंचवटे म्हणजे पीक नीट येईना की पोरं आधी सोल्युशनवर संशय घेतात, मग मशीनवर, आणि इलेक्ट्रोडवर मात्र कालच्या रनचा थर तसाच. ग्लासी कार्बनची ती 3 मिमीची काळी चकती, करंट जो काही येणार तो तिथूनच ना!

अॅल्युमिनाची पॉलिश पावडर 1, मग 0.3, मग 0.05 मायक्रॉन, आणि प्रत्येकाचा कपडा वेगळा, म्हणजे खरंच वेगळा, कारण जाड कण बारीकवाल्या कपड्यावर गेले की ओरखडे पडलेच समजा. इलेक्ट्रोड सरळ उभा धरायचा, हात हलका, इंग्रजी आठचा आकडा काढत फिरायचं म्हणजे एकाच बाजूने झीज होत नाही. झालं की धुऊन चकतीत ट्यूबलाईटचं प्रतिबिंब बघा, कड स्वच्छ दिसली पाहिजे, धूसर वाटली तर परत घासा. आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओला कपडा डब्यात बंद करून घरी जाऊ नका, बुरशी येते, असा कपडा सरळ टाकून द्या.

मग डीआय वॉटरमध्ये (आयन काढलेलं पाणी) सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी साफ करणारं यंत्र, मिनिट-दोन मिनिटं बास, जास्त ठेवलं तर चकतीभोवतीचं सील सैल होऊ शकतं.

आता टेस्ट. केसीएलमध्ये (पोटॅशियम क्लोराईड) पोटॅशियम फेरीसायनाईड घेऊन सीव्ही काढा. 25 डिग्रीला दोन पीकमधलं अंतर थिअरीप्रमाणे 59 मिलिव्होल्टच्या आसपास हवं, 70-80 पर्यंत मी चालवून घेते, 150 दिसलं तर पुढचं काही करूच नका, आधी परत पॉलिश, मग संध्याकाळची फास्ट लोकल सुटली तरी चालेल.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पॉलिश करणं वेगळं आणि अॅक्टिव्हेट करणं वेगळं. फॉस्फेट बफरमध्ये +1.5 व्होल्ट किंवा त्याच्या वर नेलं की कार्बनवर ऑक्सिजनचे ग्रुप बसतात, डोपामिनसारख्या पॉझिटिव्ह चार्जवाल्या रेणूचा सिग्नल वाढतो, अॅस्कॉर्बिक अॅसिड मागे ढकललं जातं, सगळं छान दिसतं, पण बॅकग्राउंड करंटही वाढतो आणि तुमच्याकडे आता मुळात वेगळाच सरफेस असतो. म्हणून अॅक्टिव्हेट केलेल्या आणि नुसत्या घासलेल्या इलेक्ट्रोडची तुलना एकाच ग्राफवर करणं मला पटत नाही, आणि व्होल्टेज, वेळ, बफर हे मेथडमध्ये लिहिलंच पाहिजे. रुथेनियम हेक्झामाइन या दुसऱ्या टेस्ट रेणूला सरफेसचा फारसा फरक पडत नाही, फेरीसायनाईडला पडतो, म्हणून दोन्ही लावून बघितलं की गडबड कुठेय ते बऱ्यापैकी कळतं.

सोन्याच्या इलेक्ट्रोडचं गणित वेगळं. पॉलिशनंतर 0.5 मोलर सल्फ्युरिक अॅसिडमध्ये सायकल फिरवत राहायचं, रेघा एकमेकींवर बसेपर्यंत, मग ऑक्साईड रिडक्शनच्या पीकचा चार्ज काढून 390 मायक्रोकुलॉम प्रति चौरस सेमीने भागलं की खरं क्षेत्रफळ मिळतं. फक्त रेफरन्स इलेक्ट्रोडमधून (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतो तो) क्लोराईड गळत नाही ना ते बघा, वरच्या व्होल्टेजला क्लोराईड सोनं विरघळवतं, त्यापेक्षा डबल जंक्शनवाला रेफरन्स, म्हणजे मध्ये द्रावणाचा आणखी एक कप्पा असलेला, लावलेला बरा.